कडवट बिअर, उन्हाळा आणि ताजेपणाचा हिशेब

राज्य मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले, देशी मद्यही महागले. या निर्णयामुळे राज्याच्या महसुलात वर्षाकाठी सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा सरकारचा अंदाज होता. बिअर आणि वाइन यांना मात्र या वाढीतून वगळण्यात आले. पुढच्याच महिन्यात, १४ जुलै रोजी, परमिट रूम आणि बार चालकांनी शुल्कवाढ, परवाना शुल्कातील वाढ आणि मूल्यवर्धित करातील वाढ यांच्या निषेधार्थ राज्यभर बंद पाळला.

या सगळ्या वादात रुपयांची चर्चा पुरेशी झाली. सरकारच्या तिजोरीत किती पडणार, बारमालकाच्या गल्ल्यातून किती जाणार, परराज्यांतून चोरटे मद्य किती येणार, याचे हिशेब मांडले गेले. ग्राहक जे पैसे मोजतो त्याच्या बदल्यात त्याच्या ग्लासात नेमके काय पडते, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. इतर मद्यांच्या बाबतीत तो कदाचित गौण ठरेल. बिअरच्या, आणि त्यातही गेल्या दीड दशकात महाराष्ट्रातील शहरांत रुजलेल्या कडवट 'पेल एल'च्या बाबतीत तोच प्रश्न कळीचा आहे. कारण हे पेय जुने होऊन चांगले होत नाही. ते नाशवंत आहे. आपली करव्यवस्था, वितरणव्यवस्था आणि बहुतांश बारमधील पद्धती मात्र ते नाशवंत नाही, असे गृहीत धरूनच चालतात.

नाव भारताचे, पेय विलायतेचे

या कडवट बिअरच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकाराचे नावच 'इंडिया पेल एल' असे आहे. ती भारतात जन्मली नाही, भारतासाठी जन्मली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडील बो येथील जॉर्ज हॉजसन यांच्या मद्यनिर्मितीगृहातून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर फिकट रंगाची, भरपूर हॉप घातलेली एल चढविली जात असे. कंपनीच्या गोदी तेथून जवळ होत्या आणि हॉजसन जहाजांच्या कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देत. हा माल मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांत उतरे. पुढे हॉजसन यांच्या पेढीची मक्तेदारी जाचक होऊ लागली, तेव्हा १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने बर्टन या गावातील ऑलसॉप यांना तशीच बिअर बनविण्यास सुचविले. बर्टनच्या पाण्यात जिप्समचे, म्हणजे सल्फेटचे प्रमाण अधिक. त्या पाण्यात हॉपचा कडवटपणा अधिक स्वच्छ आणि धारदार उतरतो. साहजिकच बर्टनची बिअर सरस ठरली आणि बासच्या लाल त्रिकोणाने पुढे जग व्यापले.

भारतापर्यंतच्या प्रवासात बिअर नासू नये म्हणून ही कडवट बिअर मुद्दाम शोधून काढली, अशी आख्यायिका लोकप्रिय आहे. ती पूर्ण खरी नाही. त्याच जहाजांतून काळी पोर्टर बिअरही येत होती आणि ती येथील गोऱ्या शिपायांच्या छावण्यांत आवडीने प्यायली जात होती. हॉपमधील द्रव्ये काही जंतूंची वाढ रोखतात, त्यामुळे अधिक हॉप घातलेली बिअर आंबट होण्यापासून अधिक काळ बचावते, एवढे मात्र खरे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या चार ते सहा महिन्यांच्या सागरी प्रवासात ती पिंपातच मुरत असे. पुढे बर्फ बनविण्याची यंत्रे आली, थंडगार लागर बिअरचे युग सुरू झाले आणि ज्या देशाचे नाव या एलला मिळाले होते, त्या देशातूनच ती दिसेनाशी झाली.

तिचे पुनरुज्जीवन झाले ते अमेरिकेत. कॅस्केड ही हॉपची जात तेथे १९७२ मध्ये लागवडीसाठी खुली झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीची 'लिबर्टी एल' १९७५ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाची 'पेल एल' १९८० मध्ये आली. त्यांतून मोसंबीवर्गीय फळे आणि चीडाच्या झाडाची आठवण करून देणारी नवी कडवट चव घडली. महाराष्ट्रात ती आली ती पुण्याच्या मार्गाने. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' हे राज्यातील पहिले सूक्ष्म मद्यनिर्मितीगृह सुरू झाले. २०१४ मध्ये मुंढव्यात 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी' उभी राहिली. पाठोपाठ मुंबईतही अशी ठिकाणे आली आणि गोव्यात कडवट एल डब्यांत व बाटल्यांत भरली जाऊ लागली. भारताचे नाव धारण करणारी बिअर अशा रीतीने दीर्घ काळानंतर या किनाऱ्यावर परतली.

कडवटपणा येतो कोठून

बिअरचे मुख्य घटक चार: पाणी, मोड आणून भाजलेले सातू म्हणजेच माल्ट, यीस्ट आणि हॉप. हॉप ही वेल आहे. तिच्या मादी फुलोऱ्यांत पिवळसर, चिकट पूड असते. त्या पुडीत कडवटपणा देणारी आम्ले आणि सुगंधी तेले असतात. माल्टच्या गोड काढ्यात हॉप टाकून तासभर उकळला की आम्लांचे रूपांतर होऊन ती पाण्यात विरघळतात आणि कडू चव उतरते. सुगंधी तेले मात्र उकळीत उडून जातात. म्हणून सुगंधासाठी हॉपचा दुसरा हप्ता उकळी संपताना आणि तिसरा, बिअर आंबून थंड झाल्यावर, थेट टाकीत टाकला जातो. फोडणीचा कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच येथे आहे.

हा कडवटपणा मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक आहे. एक लिटर बिअरमध्ये हॉपची रूपांतरित आम्ले एक मिलिग्रॅम असली की ढोबळमानाने एक एकक धरतात. सर्वत्र मिळणाऱ्या सौम्य लागर बिअरचा आकडा दहा-पंधराच्या आसपास असतो. अमेरिकी पद्धतीच्या पेल एलमध्ये तो ३० ते ५० आणि इंडिया पेल एलमध्ये साधारण ४० ते ७० असतो. परंतु केवळ या आकड्यावरून जिभेला काय जाणवेल ते ठरत नाही. कारल्याच्या भाजीत गूळ घातला की कारले तेच राहते, पण कडूपणा सुसह्य होतो. तसाच माल्टचा गोडवा हॉपच्या कडवटपणाला तोलून धरतो. म्हणूनच ६० एकके असलेली एखादी एल ४० एककांच्या दुसऱ्या एलपेक्षा मवाळ वाटू शकते. चांगल्या एलची ओळख तोल सांभाळण्यात आहे. नुसता आकडा चढविणे सोपे असते.

मराठी जिभेला कडू चव परकी नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला, हिवाळ्यात मेथीचे लाडू, रोजच्या जेवणात कारले, ही चव आपण जाणतो. तरीही पहिल्या घोटाला अनेकजण तोंड वाकडे करतात. याला कारण सवय आहे. बिअर म्हणजे बर्फासारखी थंड, फिकी आणि 'चढणारी' असे समीकरण येथे अनेक वर्षे रुजले आहे. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये 'स्ट्राँग' बिअरचाच वाटा मोठा आहे. त्या बिअरकडून चवीची अपेक्षाच नसते.

ओतण्याची रीत

कडवट एलवर सर्वांत मोठा अन्याय होतो तो 'एकदम चिल्ड' या मागणीने. दोन-तीन अंश सेल्सिअसला जीभ बधिर होते आणि सुगंध वर येत नाही. उरतो तो नुसता बोचरा कडवटपणा. या एलसाठी ७ ते १० अंश सेल्सिअस हे तापमान योग्य मानले जाते. शीतकपाटातून काढलेली बाटली टेबलावर दहा मिनिटे ठेवली तरी बराच फरक पडतो. फ्रीजरमध्ये ठेवून पांढरा झालेला ग्लास हा आदरातिथ्याचा भाग समजला जातो. प्रत्यक्षात त्यावरील बर्फ वितळून बिअरमध्ये पाणी मिसळते आणि फेसही अनावर होतो. ग्लासात बर्फाचे खडे टाकणे हा तर त्याहून पुढचा प्रकार. चहात थंड पाणी ओतण्यासारखाच तो आहे.

ग्लासाची स्वच्छता हा दुसरा मुद्दा. भांडी घासण्याच्या साबणाचा किंवा तेलकटपणाचा पुसटसा थर राहिला तरी फेस टिकत नाही. बिअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर तेथे मळ आहे असे खुशाल समजावे. पिताना दर घोटागणिक फेसाची कडी ग्लासला चिकटत गेली, तर ग्लास स्वच्छ आहे. ओतताना ग्लास आधी तिरपा धरावा, अर्धा भरल्यावर सरळ करावा आणि वर दोन-तीन बोटे फेस येऊ द्यावा. फेस म्हणजे मापातील खोट, असे मानून वेटरशी हुज्जत घालणारे ग्राहक अनेक असतात. वास्तविक सुगंध धरून ठेवण्याचे काम तोच फेस करतो. ग्लासवर मापाची रेघ असली आणि फेस त्या रेघेच्या वर असला, की हा वाद उरत नाही.

नळावाटे मिळणाऱ्या बिअरच्या बाबतीत पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्या किती स्वच्छ आहेत, यावर बरेच काही अवलंबून असते. त्या दर दोन आठवड्यांनी धुतल्या जाव्यात, असा अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनचा दंडक आहे. नळ्या धुतल्या नाहीत तर बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येऊ लागतो. असा ग्लास हाती आल्यावर नवा ग्राहक 'ही चवच अशी असते' म्हणून गप्प बसतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. यात निर्मात्याचा दोष नसतो, पण नाव त्याचेच खराब होते.

चव घेण्याची रीत

चव घेताना आधी नाक, मग जीभ हा क्रम पाळावा. ओतल्याबरोबर वास घ्यावा, कारण सर्वांत नाजूक गंध पहिल्या मिनिटातच उडतात. अमेरिकी हॉपमध्ये पपनस, संत्र्याची साल, आंबा किंवा चीडाचा गंध सापडतो. इंग्रजी हॉपमध्ये ओली माती, वाळलेले गवत आणि वनौषधींची छटा असते. त्यानंतर एक मध्यम घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा आणि गिळावा. वाइनच्या परीक्षणात घोट थुंकण्याची रीत आहे. बिअरच्या बाबतीत तज्ज्ञ शक्यतो गिळतात, कारण कडू चव उशिरा जाणवते आणि रेंगाळते. ती रेंगाळताना स्वच्छ विरून जाते की घशात तुरटपणे अडकून राहते, यावर एलची परीक्षा होते.

एकाच बैठकीत अनेक प्रकार चाखायचे असतील तर सौम्य एल आधी आणि अधिक कडू एल नंतर, असा क्रम हवा. उलट क्रम लावला तर सौम्य एल पाण्यासारखी लागते. प्रत्येकी शंभर-दीडशे मिलिलिटरचे लहान ग्लास पुरेसे असतात. मध्ये साधे पाणी आणि बिनमसाल्याचा पावाचा तुकडा घ्यावा.

चखण्याची निवडही विचाराने करावी. तिखट आणि कडू एकत्र आले की दोन्ही भडकतात. मद्यार्क आणि बुडबुडे मिरचीची आग वाढवितात, हॉपचा कडवटपणा ती लांबवितो. सावजी रश्श्यासोबत कडवट एल घेणाऱ्याला ना रश्श्याची चव कळते, ना एलची. याउलट तळलेले बोंबील, कोथिंबीर वडी, खारे दाणे, शेव किंवा चीज अशा स्निग्ध आणि खारट पदार्थांसोबत तीच एल खुलते. कडवटपणा तेलकटपणा कापतो आणि मीठ कडवटपणाला मवाळ करते.

शिळेपणा ओळखण्याच्या खुणाही ठाऊक असाव्यात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, सुगंध नाहीसा होऊन उरलेला मधासारखा गुळचट गोडवा आणि नितळ असायला हवी ती एल मळकट तपकिरी दिसणे, ही बिअरमध्ये प्राणवायू आणि उष्णता शिरल्याची लक्षणे. काही प्रकार मुळातच गढूळ बनविले जातात, त्यामुळे गढूळपणा हा नेहमीच दोष नसतो. जळक्या रबरासारखा उग्र वास येत असेल तर बाटली उजेडात राहिली असे समजावे. हॉपमधील आम्लांवर प्रकाश पडला की हा वास तयार होतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी संरक्षण देते, हिरवी थोडे देते आणि पारदर्शक काच जवळपास काहीच देत नाही. दुकानाच्या दर्शनी कपाटात, ट्यूबलाइटखाली मांडलेली हिरवी बाटली सुंदर दिसते, पण ती घेऊ नये.

तीन, तीस आणि तीनशे

मद्यनिर्मिती व्यवसायात एक ढोबळ नियम सांगितला जातो. बिअर ३ अंश सेल्सिअसला ३०० दिवसांत जेवढी जुनी होते, तेवढीच ती २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३२ अंशांना केवळ ३ दिवसांत होते. हा नियम प्रयोगशाळेतील सूत्र नव्हे, अनुभवाचा ठोकताळा आहे. तरी महाराष्ट्राच्या हवामानात तो डोळे उघडणारा आहे.

मुंढव्यात टाकीपासून नळापर्यंतचे अंतर काही मीटर असते आणि ते सारे थंड ठेवता येते. बाटलीबंद माल राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा असेल तर गणित बदलते. समजा, अशी एल पुण्याहून चारशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून वाशीम जिल्ह्याकडे निघाली. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या गोदामात आणि उभ्या ट्रकमध्ये तो त्याहून वर असतो. लेबलवर सहा महिन्यांची मुदत छापलेली असली तरी त्या बाटलीतील हॉपचा सुगंध पहिल्या आठवड्यातच संपलेला असेल. ग्राहकाला मिळेल ते कडू, गुळचट आणि महाग पाणी. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात काहीही गैर नसेल, कारण छापील मुदत अद्याप बाकी आहे.

याच वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात रिठद हे गाव आहे. तेथील शेतकरी या पेयाचा ग्राहक असो वा नसो, मालाच्या साठवणुकीचे महत्त्व त्याला कोणी शिकवायला नको. हा सोयाबीनचा पट्टा. हमीभावाने सोयाबीन विकायचे तर दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. २०२४ च्या हंगामात पावसामुळे माल ओला राहिला, तेव्हा ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यासाठी केंद्राला स्वतंत्र निर्णय घ्यावा लागला. म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची प्रत खरेदीच्या क्षणी यंत्राने मोजली जाते आणि त्यावर त्याचा भाव ठरतो. शहरातील ग्राहक त्या सोयाबीनच्या कित्येक किलोंच्या भावाने बिअरची एक बाटली विकत घेतो, तेव्हा ती कोणत्या तापमानात किती दिवस पडून होती, हे सांगणारी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नाही.

कराची फूटपट्टी

व्यवस्था नाही असे म्हणताना नियम नाहीत असे मात्र नव्हे. नियम भरपूर आहेत. मद्य हा राज्यसूचीतील विषय आहे आणि मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. प्रत्येक राज्याचे शुल्क वेगळे, परवाने वेगळे आणि लेबलची नोंदणीही वेगळी. 'बिरा ९१' या बिअरच्या उत्पादक कंपनीला याचा फटका अलीकडेच बसला. कंपनीच्या नावातील 'प्रायव्हेट' हा शब्द गळाला, त्यामुळे राज्याराज्यांत लेबलची नव्याने नोंदणी करावी लागली, काही महिने विक्री खोळंबली आणि जुन्या लेबलचा माल पडून राहिला. आतील पेयात काडीचाही बदल झालेला नसताना केवळ नावापायी ते विक्रीस अपात्र ठरले. हीच यंत्रणा उन्हात शिजलेल्या बाटलीला मात्र अडवत नाही.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर सौम्य आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची 'स्ट्राँग' गणली जाते. महाराष्ट्रातही सौम्य आणि स्ट्राँग बिअरवर वेगवेगळ्या दराने शुल्क आकारले जाते. इंडिया पेल एलमध्ये मद्यार्क साधारण साडेपाच ते साडेसात टक्के असतो. म्हणजे चवीसाठी सावकाश प्यायची, हॉपवर मोठा खर्च करून बनविलेली एल आणि लवकर चढावी म्हणून घेतली जाणारी स्वस्त स्ट्राँग बिअर या दोन्ही एकाच रकान्यात येतात. त्यातून लहान निर्मात्यापुढे दोनच मार्ग उरतात. मद्यार्क ५ टक्क्यांच्या आत आणून चवीत तडजोड करायची किंवा किंमत वाढवायची.

त्यात कच्च्या मालाची अडचण आहे. हॉपला लांब दिवसांचा उन्हाळा आणि कडक हिवाळा लागतो. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची लागवड काही दशके झाली, पण आयात मालापुढे भाव न मिळाल्याने शेतकरी वाटाणा आणि भाजीपाल्याकडे वळले. सुगंधी जातींसाठी आजही अमेरिका आणि जर्मनीकडे पाहावे लागते. तो मालही थंड आणि हवाबंद ठेवावा लागतो.

दुसरी बाजू

या सर्व मागण्या मद्यविक्रीला प्रोत्साहन देणाऱ्या आहेत, असा आक्षेप घेतला जाईल. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही. विदर्भाला तर या प्रश्नाची धग अधिक जाणवलेली आहे. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. गावोगावच्या महिलांनी 'आडव्या बाटली'साठी मतदान करून दुकाने बंद पाडल्याचा इतिहासही याच राज्याचा आहे. त्या महिलांना हॉपच्या सुगंधात रस असण्याचे कारण नाही.

परंतु माहिती देणे आणि प्रोत्साहन देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एक हिशेब पाहावा. साडेसहा टक्के मद्यार्काची अर्धा लिटर एल म्हणजे सुमारे साडेबत्तीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या एका पेगमध्ये तो तेराच्या आत असतो. म्हणजे 'फक्त एक बिअर' म्हणून रिचविलेला तो ग्लास अडीच पेगांएवढा भरतो. हे गणित किती ग्राहकांना ठाऊक असते? बिअर आहे, एवढ्या विश्वासावर दुसरा ग्लास घेऊन गाडीची किल्ली हाती घेणारे कमी नाहीत. कडवट एल सावकाश आणि लहान मापात प्यावी, हा चवीचा नियम येथे आरोग्याच्या आणि रस्त्यावरील सुरक्षिततेच्या नियमाशी जुळतो. ही संधी धोरणकर्त्यांनी साधायला हवी.

उपाय खर्चिक नाहीत

त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. नळावाटे बिअर विकणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एक फलक सक्तीचा करता येईल. त्यावर एलचे नाव, मद्यार्काचे प्रमाण, एका ग्लासातील मद्यार्क किती पेगांएवढा हे, आणि बिअर तयार झाल्याची तारीख एवढे चार तपशील पुरेसे आहेत. दीडशे आणि तीनशे मिलिलिटरची लहान मापे ठेवणे बंधनकारक करावे, म्हणजे चव घेण्यासाठी अर्धा लिटर पिण्याची वेळ येणार नाही. नळ्या धुतल्याची नोंदवही ठेवावी आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने साठ्याच्या नोंदीबरोबर तीही पाहावी. गोदामे आणि दुकानांसाठी बिअरच्या साठवणुकीचे कमाल तापमान ठरवून द्यावे. दुधाच्या पिशवीबाबत जी काळजी आपण गृहीत धरतो, त्याहून वेगळे हे काही नाही.

करआकारणीच्या बाबतीत ब्रिटनचा दाखला घेण्याजोगा आहे. तेथे १ ऑगस्ट २०२३ पासून सर्व मद्यांवरील शुल्क त्यांतील मद्यार्काच्या प्रमाणाशी जोडण्यात आले. नळावाटे विकल्या जाणाऱ्या बिअरला आणि लहान उत्पादकांना सवलत देण्यात आली. जितका मद्यार्क तितका कर, हे तत्त्व समजायला सोपे आहे. ५ टक्क्यांच्या एकाच रेघेपेक्षा ते न्याय्यही आहे, कारण त्या रेघेपलीकडील साडेपाच आणि आठ टक्के यांत आज फारसा भेद केला जात नाही. २०२० च्या टाळेबंदीत राज्याने सूक्ष्म मद्यनिर्मितीगृहांना ताजी बिअर घरी नेण्यासाठी विकण्याची तात्पुरती मुभा दिली होती. म्हणजे ताज्या मालाला वेगळी वागणूक देता येते, हे सरकारला मान्य आहे. प्रश्न फक्त ते नियमात आणण्याचा आहे.

तोवर ग्राहकाच्या हाती तीन गोष्टी आहेत. बाटली घेताना मुदत संपण्याच्या तारखेऐवजी भरल्याची तारीख पाहणे, दुकानदाराने ती शीतकपाटातून काढली की खोक्यातून हे पाहणे आणि बारमध्ये ग्लासाला आंबूस वास आला तर तो न पिता परत करणे. कारले तुपात तळले तरी कडूच, असे आपण म्हणतो. पण ताज्या कारल्याचा कडूपणा वेगळा आणि सडक्याचा वेगळा, हेही आपल्याला कळते. पेल एलच्या बाबतीत तो फरक ओळखणारा ग्राहक वाढला, तर गोदामाचे दार थंड ठेवणे विक्रेत्याला परवडू लागेल. मद्यावरील शुल्काचा पुढचा फेरविचार होईल तेव्हा सरकारने मद्यार्काच्या टक्क्यांसोबत ताजेपणाच्या दिवसांचाही हिशेब मांडावा.